भगत सोडला, आता कोणाकडे जायचे?

गेल्या वर्षी पावसाळ्यात पनवेलच्या न्यायालयाच्या आवारात एक माऊली आमची वाट पाहत उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आम्हाला वाटले, पोराच्या जामिनाचे काम असेल. होतेही तसेच. शेजाऱ्याच्या घरावर दगड मारल्याची तक्रार होती. पण कागद चाळता चाळता निराळीच हकिकत पुढे आली. "जयभीम साहेब, पोराच्या कानात कोणीतरी बोलतं म्हणतोय. शेजारी पाण्यात औषध कालवतो म्हणतोय. तीन वर्षं झाली," ती म्हणाली.

या तीन वर्षांत काय झाले? आधी भावकीतल्या एकाने भगताकडे नेले. कोंबडे गेले, पैसे गेले. मग कोणीतरी शहाण्या माणसाने सांगितले की हे सगळे थोतांड आहे, समुपदेशकाकडे न्या. माऊलीने घरकामाच्या पैशातून आठ महिने दर आठवड्याला फी भरली. तिथे पोराला सकारात्मक विचार करायला, आरशासमोर उभे राहून स्वतःशी चांगले बोलायला शिकवले. ज्या पोराच्या कानात आधीच चोवीस तास कोणीतरी बोलते आहे, त्याला आणखी बोलायला शिकवले! या आठ महिन्यांत त्या खुर्चीवरच्या माणसाने एकदाही म्हटले नाही की, बाई, हे माझ्या आवाक्यातले काम नाही, याला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

पुढे त्याला दाखवले. औषधे सुरू झाली. काही आठवड्यांत आवाज कमी झाले, झोप लागू लागली. आज तो पूर्ण बरा आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण तो कामावर जातो. तीन वर्षे मात्र वाया गेली. आजार जितका लांबतो तितका तो चिवट होतो, हे आता आम्हालाही कळले आहे.

हा प्रसंग आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आमच्याही हातून असाच गुन्हा घडला आहे. खैरलांजीच्या २००६ च्या हत्याकांडानंतर रस्त्यावर उतरलेला, प्रत्येक मोर्चात पुढे असलेला आमचा एक सहकारी १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या घटनेनंतर हळूहळू गप्प झाला. बैठकीला येईना, जेवेना, पहाटे तीनला उठून बसे. आम्ही त्याला काय सांगितले? "अरे, तू भीमसैनिक आहेस, खचतोस काय? दहा दिवस विपश्यनेला जा, मन शांत होईल." तो गेला. दहा दिवसांचे मौन संपवून परत आला तेव्हा त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होती. वास्तविक, विपश्यना केंद्रांच्या प्रवेशअर्जात मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते आणि ही साधना औषधोपचाराला पर्याय नाही, असे त्यांच्याच नियमावलीत बजावलेले असते. ते आम्ही वाचले नव्हते. वकिली करणाऱ्या माणसाने अर्ज न वाचता सल्ला दिला! सुदैवाने त्याच्या पत्नीने वेळीच डॉक्टर गाठला म्हणून तो आज आमच्यात आहे.

म्हणून हा लेख. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा देताना आम्हाला देव-देवस्की, भूत-पिशाच यांच्या कचाट्यातून बाहेर काढले. अंगात येणे, करणी, उतारा हे शब्द आपल्या बहुसंख्य घरांतून हद्दपार झाले, ही या चळवळीची मोठी कमाई आहे. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर का होईना, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे आज गुन्हा आहे. पण भगताचे दार बंद केल्यावर समोर चार-पाच दारे दिसतात आणि त्यांपैकी कोणत्या दारात काय मिळते, हे आपल्या समाजाला कोणी सांगितलेच नाही. सगळ्यांनाच आपण 'मानसिकचा डॉक्टर' म्हणतो. घोळ इथेच होतो.

पहिले दार मानसोपचारतज्ज्ञाचे, म्हणजे सायकियाट्रिस्टचे. हा आधी एम. बी. बी. एस. झालेला डॉक्टर असतो आणि नंतर त्याने मनोविकारशास्त्रात एम. डी., डी. एन. बी. किंवा डी. पी. एम. केलेले असते. तो औषध लिहू शकतो, रुग्णालयात दाखल करू शकतो. थायरॉईड, रक्तातली कमतरता, मेंदूचा आजार अशा शारीरिक कारणामुळे मन बिघडले आहे काय, हेही तोच पाहू शकतो.

दुसरे दार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे. हा औषधाचा डॉक्टर नव्हे. त्याने मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन रुग्णांवर देखरेखीखाली प्रशिक्षण घेतलेले असते आणि त्याच्या शिक्षणाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. बोलण्यातून, ठरावीक पद्धतीने, आठवड्यामागून आठवडे चालणारे उपचार तो करतो. मुलाची बुद्धिमत्ता चाचणी, अध्ययन अक्षमतेची तपासणीही तोच करतो. तिसरे दार मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्याचे. घर, नोकरी, सरकारी योजना, रुग्ण घरी आल्यावर त्याला सांभाळायचे कसे, ही कामे तो करतो. आपल्या वस्तीतल्या घरांना याच माणसाची गरज सर्वात जास्त असते आणि नेमका हाच सर्वात कमी आढळतो.

चौथे दार समुपदेशकाचे. इथे सावध राहावे. उत्तम, तळमळीचे, रीतसर शिकलेले समुपदेशक आम्हाला माहीत आहेत. पण महिन्याभराचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत, आणि दोघांच्या पाटीवर शब्द एकच असतो. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तो गल्लीतल्या पाटीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर चौकशी आपणच केली पाहिजे.

मग कोणाकडे कधी जायचे? आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टर मंडळींशी बोलून आणि अशिलांची दुःखे पाहून जे कळले ते सांगतो. माणसाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, विनाकारण संशय बळावला असेल, दिवसचे दिवस झोप न घेता तो बडबड करत, उधळपट्टी करत असेल, अंघोळ-जेवण सुटले असेल, बाळंतीण बाई विचित्र वागू लागली असेल किंवा कोणीही मरणाची भाषा बोलत असेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. इथे नुसत्या गप्पांनी भागत नाही. आत्महत्येचा प्रयत्न झालाच असेल तर क्षणभरही न दवडता जवळचे रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते. त्याच्यावर खटला भरायचा नसून त्याला उपचार देण्याची जबाबदारी शासनाची आहे.

याउलट, जवळचे माणूस गेल्याचे दुःख, परीक्षेची धास्ती, नवरा-बायकोतले ताण, गर्दीची किंवा मंचावर बोलण्याची भीती, पुन्हा पुन्हा हात धुण्याची सवय अशा गोष्टींत मानसशास्त्रज्ञाचा मोठा उपयोग होतो. त्रास जास्त असेल तर औषध आणि बोलणे दोन्ही लागते. चांगला मानसशास्त्रज्ञ स्वतःहून डॉक्टरकडे पाठवतो आणि चांगला डॉक्टर मानसशास्त्रज्ञाकडे. जो कोणाकडेच पाठवत नाही त्याच्याबद्दल शंका घ्यावी. त्याच कायद्याचे कलम १०६ सांगते की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध किंवा उपचार कोणीही सुचवू नयेत. समुपदेशक गोळ्यांची नावे सांगू लागला, किंवा चालू गोळ्या बंद करा म्हणाला, तर तिथून उठावे.

दारूबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण हा आपल्या वस्तीचा जुना घाव आहे. चौदा एप्रिलला किंवा अशोक विजयादशमीला अनेक जण विहारात उभे राहून दारू सोडण्याची शपथ घेतात. त्या शपथेचा आम्हाला आदर आहे. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे असे होऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. लोक म्हणतात, बाधा झाली. बाधा कसली? शरीराला दारूची सवय लागलेली असते, ती एकदम तुटल्याचा हा परिणाम. म्हणून शपथ विहारात घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. पुढची लांब वाट चालायला पुण्याचे मुक्तांगण, जे १९८६ पासून हे काम करते आहे, तशा केंद्रांची आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांची मदत घ्यावी.

आणि काही दुःखे अशी असतात की त्यांना यांपैकी एकही दार पुरेसे नसते. आमच्याकडे एक भगिनी आल्या होत्या. नवरा मारतो म्हणून झोप लागत नव्हती. त्यांना दोन वर्षे कोणी झोपेच्या गोळ्या देत होते. मार चालूच, गोळ्याही चालूच, आणि वर गोळ्यांची सवय! त्या बाईंना गोळीआधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याची आणि वकिलाची गरज होती. अन्यायाला आजार म्हणून पुडीत बांधू देऊ नये. पण उलट चूकही करू नये. अन्यायाने माणूस खरोखर आजारी पडू शकतो, आणि तेव्हा लढा आणि औषध दोन्ही एकाच वेळी चालवावे लागतात. आमच्या त्या सहकाऱ्याबाबत आम्ही हेच विसरलो होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. योग्य पदवीचा माणूस मिळाला, पण त्याच्या मनात जात असेल तर? १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी या पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबाने आणि तिथल्या आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलने जातीय वागणुकीचा आरोप केला. संस्थेच्या समितीने तो मान्य केला नाही. पण त्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी एक मागणी लावून धरली: समुपदेशन केंद्रात दलित-आदिवासी समुपदेशक नेमा. ही मागणी काहींना विचित्र वाटली. डॉक्टरला जात असते काय, असे विचारले गेले. आम्ही विचारतो, ज्या देशात पाण्याच्या माठाला जात असते, तिथे खुर्चीवर बसलेल्या माणसाला ती चिकटलेली नसेल काय? एका विद्यार्थ्याने आम्हाला सांगितले की, वर्गात 'कोट्यातला' म्हणून हिणवतात असे त्याने समुपदेशकाला सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, "हा तुझा न्यूनगंड आहे, तो काढून टाक." मुलगा परत गेला नाही. उपचाराचे दारच त्याच्यासाठी बंद झाले.

मग आपण फक्त आपल्याच समाजाचा डॉक्टर शोधायचा काय? आमचे मत तसे नाही. आपले डॉक्टर, आपले मानसशास्त्रज्ञ वाढले पाहिजेत, यात वाद नाही. डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडे पाहून आपल्या मुला-मुलींनी या शाखेत गेले पाहिजे. पण आज ते मोजके आहेत, आणि त्यांची वाट पाहत आजार थांबत नाही. शिवाय आपल्यातला असला म्हणून समजूतदार असतोच असे नाही. भीमसैनिक खचतो काय असे विचारणारे आम्ही आपल्यातलेच होतो ना! म्हणून पाहायचे ते हे की समोरचा माणूस ऐकतो का. जातीचा अनुभव सांगितल्यावर तो विषय बदलतो की पुढे विचारतो? 'असे काही आता राहिले नाही' म्हणाला तर समजावे, इथे आपले काम होणार नाही. दुसरा शोधावा. डॉक्टर बदलणे म्हणजे बेइमानी नव्हे. फक्त औषधे मध्येच तोडू नयेत.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, पण तो आपल्याला माहीत नाही. २०१७ च्या कायद्याचे कलम १८ सांगते की मानसिक आरोग्य सेवा मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग, राजकीय मते यांवरून भेदभाव करता येणार नाही. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, शासकीय आणि शासनाच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांत उपचार मोफत मिळाले पाहिजेत. कलम ३ म्हणते की कोणाच्या सामाजिक, आर्थिक किंवा राजकीय स्थानावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. त्याच कलमात असेही आहे की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस 'वेडा' ठरत नाही, तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयालाच आहे. घटस्फोटाच्या दाव्यात बायकोच्या गोळ्यांची चिठ्ठी फडकावणाऱ्या नवऱ्यांनी हे वाचून ठेवावे. कलम २३ नुसार तुमची माहिती गुप्त राहिली पाहिजे, कलम २५ नुसार उपचाराचे मूलभूत कागद तुम्हाला मिळाले पाहिजेत, कलम २७ नुसार मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. साखळीने बांधणे हा तर कलम ९५ नुसार पूर्ण निषिद्ध प्रकार आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडात अडकवलेले २८ रुग्ण आगीत होरपळून मेले, ते आठवावे.

पहिल्या भेटीत काय विचारावे, तेही सांगतो. तुमची पदवी कोणती, नोंदणी क्रमांक कोणता? डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदेची नोंदणी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषदेची. मला काय झाले असे तुम्हाला वाटते? उपचार किती दिवस, खर्च किती? गोळीचा परिणाम कधी दिसेल, त्रास काय होईल? उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. हे कोणी न सांगितल्यामुळे आपले लोक आठ दिवसांत गोळ्या फेकून देतात. हे विचारणे उद्धटपणा नाही. जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि जायचे कुठे? पनवेलकरांसाठी सांगतो. कामोठ्याला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, तसेच पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते विचारावे. बसत नसतील तर का बसत नाहीत, हे लेखी विचारावे. ठाण्याला १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, गेले की कोंडतात ही भीती सोडून द्यावी. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. पनवेलहून रेल्वेने जाता येते त्या कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून, घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि काहीच सुचले नाही तर १४४१६ हा क्रमांक फिरवावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि ती मराठीतही मिळते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असल्याचे दिसले. म्हणजे शंभर घरांच्या आपल्या वस्तीत हे दुःख किती दारांआड असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून चळवळीला आमच्या तीन सूचना आहेत. वर्षावासात विहारांत प्रवचने होतात, त्यांतला एक रविवार मानसोपचारतज्ज्ञाला द्यावा. प्रत्येक विहाराच्या फलकावर जवळच्या डॉक्टरांची, शासकीय केंद्रांची आणि १४४१६ ची यादी लावावी. तिसरी सूचना पालकांना. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. पनवेल, खारघर, कळंबोली, कामोठ्यातल्या महाविद्यालयांनी याचे काय केले? हा प्रश्न विचारायला मोर्चा लागत नाही, पालकांचे एक पत्र पुरते.

पनवेलमध्ये सोनबा येलवे यांची कथा आजही सांगितली जाते. बाबासाहेब पनवेलला आले असता अस्पृश्यतेमुळे त्यांना पाणी मिळाले नाही. पुन्हा येईन तेव्हा तुझ्या हातचे पाणी पिईन, हा त्यांचा शब्द धरून सोनबा अखेरपर्यंत माठ भरून वाट पाहत बसले, असे जुनी माणसे सांगतात. आपल्या गावाला तहानेचे असे भान आहे. आज आपल्याच घरात, आपल्याच बैठकीत कोणी पहाटे तीनला उठून बसत असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याचे ऐका आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत योग्य दारापर्यंत चालत जा. आम्ही हे एकदा केले नाही. तुम्ही करा.

जयभीम.